कमाटीबागेतील आगगाडी आणि तिचे राखणदार

बडोद्याच्या इतिहासावर लिहिताना लेखणी सहसा तीन ठिकाणी थांबते: लक्ष्मीविलास राजवाडा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि ग्रंथालयांची चळवळ. हे योग्यच आहे. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या संस्थानाची ओळख त्या कार्यावरून व्हावी यात नवल नाही. परंतु शाळा सुटल्यावर मूल कोठे जात असे, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखनाने फारसा विचारलेला नाही. मुलांच्या खेळाची जागा कोणी आखली, तिचा खर्च कोणी सोसला, तिची डागडुजी कोणी केली आणि ती मोडकळीस आली तेव्हा जबाबदारी कोणाकडे गेली, याचाही एक इतिहास आहे. बडोद्यापुरता तो कमाटीबागेच्या आधाराने सांगता येतो. गेल्या काही वर्षांत गुजरातेत जे घडले, त्यामुळे तो सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या इतिहासाचा आरंभ बागेपासून होत नाही, आखाड्यापासून होतो. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) बडोद्याची करमणूक म्हटली की अग्गड डोळ्यांपुढे येई. उंच भिंतींच्या त्या पटांगणात हत्तींच्या साठमाऱ्या होत, पैलवान भिडत आणि सज्जातून राजा व त्याचे पाहुणे पाहत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या काळच्या बडोद्यातील या खेळांचे वर्णन करून ठेवले आहे. १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आले तेव्हाही त्यांच्यापुढे असे खेळ झाले. पुढे ही हौस सौम्य झाली आणि चांदीची चिमुकली तोफ डागणारे व चांदीची सायकल चालवणारे दरबारचे पोपट पाहुण्यांचे मन रिझवू लागले. हत्ती असो वा पोपट, मांडणी मात्र एकच होती. खेळ राजाचा, खर्च राजाचा, आणि रयतेला प्रवेश मिळाला तर तो बघ्याचा. मुलांसाठी म्हणून त्यात काही नव्हते.

विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये सार्वजनिक बाग झाली, त्या वेळी ही मांडणी प्रथम बदलली. आज ती सयाजीबाग या नावाने नोंदली जाते; आमच्या घरांतून मात्र ती कमाटीबागच राहिली. तिचे श्रेय सयाजीराव महाराजांना देण्याचा प्रघात आहे, आणि पुढील पन्नास-साठ वर्षांचा विचार करता तो खोटाही नाही. तरी तारखांकडे लक्ष द्यावे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेतला गेला. त्याला राज्याधिकार मिळाले ते १८८१ च्या डिसेंबरात. बाग झाली त्या वर्षी महाराज सोळा वर्षांचे विद्यार्थी होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. शहराला मोकळी हवा आणि फिरण्याची जागा देणे हे राज्यकारभाराचे काम आहे, अशी समजूत त्या कारभारात मुरलेली होती. आमच्या मते ही साधी बाब नाही. एका राजाच्या लहरीने जन्मलेली बाग त्याच्याबरोबर सुकते. कारभाराच्या वहीत जिचा खर्च नियमाने पडतो, ती बाग राजे बदलले तरी टिकते.

शंभराहून अधिक एकरांच्या या जागेत प्राणिसंग्रहालय आले, बँडस्टँड आला आणि १८९४ मध्ये रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले संग्रहालय उभे राहिले. शेजारचे चित्रसंग्रहालय १९१४ मध्ये पुरे झाले, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास उशीर होऊन ते खुले होण्यास १९२१ साल उजाडले. येथे ज्ञान आणि करमणूक यांच्यात भिंत नव्हती. इजिप्तची ममी पाहण्यास मूल जाई ते भीतीच्या ओढीने, आणि परत येई ते एखादी गोष्ट शिकून. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा याच इमारतीत मांडला गेला. त्याच्या फासळ्यांखाली उभे राहून मान वर केल्याचे बडोद्याच्या कित्येक पिढ्यांना आठवत असेल. हाच दृष्टिकोन ग्रंथालय खात्यातही दिसतो. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाने १९१० ते १९१३ या काळात जी व्यवस्था घालून दिली, तिच्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती आणि जादूच्या कंदिलाची चित्रे व चलच्चित्रे गावोगाव दाखवली जात. ज्याला वाचता येत नाही त्यानेही काही पाहावे, असा त्यामागचा हिशेब होता.

आता आगगाडीकडे वळू. बडोदे आणि अरुंद रुळ यांचे नाते फार जुने आहे. १८६२ मध्ये खंडेरावांच्याच काळात डभई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला गेला. हिंदुस्थानातील हा पहिला अरुंदमापी मार्ग. गंमत अशी की आरंभी त्यावरची गाडी बैल ओढत. इंजिने नियमितपणे धावू लागली ती काही वर्षांनी. पुढे डभईच्या भोवती या रुळांचे मोठे जाळे पसरले. ग्वाल्हेरच्या वाचकांना येथे त्यांच्या शहराची आठवण होईल. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर चांदीची गाडी रुळांवरून पाहुण्यांपुढे फिरत असे, आणि त्याच शिंदेशाहीच्या हौसेतून वाढलेला ग्वाल्हेर–श्योपूर हा दोन फुटी मार्ग, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा, २०२० पर्यंत गोरगरिबांना वाहत होता. संस्थानिकांच्या खेळण्यातून रयतेची सोय निर्माण होण्याची ही दोन उदाहरणे आहेत.

बडोद्याच्या राजवाड्यातील खेळणेही आगगाडीचेच होते. १९४१ मध्ये राजकुमार रणजितसिंह तीन वर्षांचे झाले, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना एक छोटी आगगाडी मिळाली. राजवाड्याच्या आवारातील आमराईला वळसा घालून तिचे रुळ गेले होते, आणि राजवाड्यातील मुले तिच्यात बसून आवारातल्याच शाळेत जात-येत. ती शाळेची इमारत म्हणजेच आजचे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय. त्या गाडीचे इंजिन डागडुजी करून संग्रहालयाच्या दाराशी ठेवलेले आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. एवढे लहान यंत्र, पण बाष्पयंत्राच्या युगाचा सारा डौल त्यात उतरला आहे.

१९४९ च्या १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९५६ मध्ये, रणजितसिंहांकडून शहरातील मुलांना भेट म्हणून कमाटीबागेत दहा इंची रुळांवरची छोटी गाडी आली. या तारखेचे महत्त्व आम्हांस फार वाटते. राज्य गेले होते, कचेऱ्यांतील जुनी नावे पुसली जात होती, आणि आमच्यासारख्या घराण्यांना, ज्यांचे पूर्वज गायकवाडांच्या पदरी चाकरीस आले व येथलेच झाले, आपण आता कोणाचे, असा प्रश्न पडू लागला होता. पुढे चारच वर्षांत, १ मे १९६० रोजी, गुजरात राज्यही अस्तित्वात आले. अशा संधिकाळात राजवाड्याच्या कुंपणाआड चार मुलांना घेऊन फिरणाऱ्या गाडीसारखी गाडी सर्वांच्या मुलांसाठी बागेत धावू लागली. विलिनीकरणाचा करार कागदावर झाला होता. मुलांच्या दृष्टीने तो या रुळांवर झाला.

आमच्या पिढीचे बालपण या गाडीने भरलेले आहे. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून रविवारी संध्याकाळी घरेच्या घरे बागेकडे निघत. वाटेत काळा घोडा दिसला की बाग आली म्हणून मुले हात सोडवून घेत. १९०७ च्या या अश्वारूढ पुतळ्याचा शिल्पकार डरवेंट वुड होता, हे आम्हांस पुष्कळ मोठेपणी कळले. लहानपणी तो पुतळा केवळ शेवटच्या वळणाची खूण होता. आजी बाकावर बसे, आई डबा उघडे, आणि वडील तिकिटाच्या रांगेत उभे राहत. गाडीच्या डब्यात मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागत. शेजारच्या डब्यात गुजराती घरातील मुले असत, कधी मुसलमान घरातील, कधी बागेतल्या माळ्याची. शिट्टी झाली की सगळी एकाच सुरात ओरडत, त्या ओरडण्याला भाषा नव्हती. घरी मराठी, शाळेत मराठी, देवळात मराठी अशा आमच्या बंदिस्त बालपणात शहराशी पहिली खरी ओळख बहुधा त्या डब्यातच झाली.

मागील हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी बागेत सावकाश फिरण्याचा योग आला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीचे पाणी बागेत शिरले होते. मोठी झाडे तशीच उभी आहेत, सांगाडा आपल्या जागी आहे, बँडस्टँडही आहे, मात्र वाद्ये नाहीत. कोठे रंगाचे पापुद्रे सुटले आहेत, कोठे कठडा गंजला आहे, एका घसरगुंडीचा पत्रा कडेला उचलला गेला आहे. जुनी छोटी गाडी थकून केव्हाच बंद झाली. तिच्या जागी ठेक्यावर चालणारी नवी, मोठी गाडी आली आहे. आम्ही जेथे उतरत असू ती जागा आमच्यातील प्रत्येकाने निरनिराळी दाखवली आणि त्यावरून थोडा वादही झाला. जीर्ण झालेल्या बालपणीच्या जागेत गेल्यावर मनुष्य हळवा होतो, आणि हळवेपणात एक धोका असतो. सारे पूर्वी चांगले होते, असा निकाल तो झटपट देतो.

तो निकाल आम्ही देणार नाही. राजवाड्यातील गाडी चार मुलांची होती. आजच्या गाडीत एका सुट्टीच्या दिवशी शेकडो मुले बसतात. अग्गडातील करमणुकीपेक्षा आजची कोणतीही करमणूक माणुसकीला अधिक धरून आहे. करमणुकीचे साहित्य बदलावे हेही स्वाभाविक आहे. आमच्या मुलांच्या वेळी व्हिडिओ गेमची दुकाने आली. अंधाऱ्या गाळ्यात चार-सहा पेट्या, टोकन टाकले की पडदा उजळे, आणि मागे नंबर लावून उभी असलेली मुले खेळणाऱ्याच्या खांद्यावरून पाहत. आम्ही नाके मुरडली, पण आज ती मुले चाळिशी ओलांडून त्या गाळ्याबद्दल तितक्याच जिव्हाळ्याने बोलतात, जितक्या जिव्हाळ्याने आम्ही गाडीबद्दल बोलतो. त्या गाळ्यांच्या जागी पुढे बोलिंगच्या लाकडी पट्ट्या, उड्या मारण्याच्या जाळ्या आणि छोट्या मोटारींची चक्रे असलेली ‘गेम झोन’ नावाची मोठी खेळघरे आली. खेळ कोणता, यावर आमचा आक्षेप नाही. प्रश्न राखणीचा आहे, आणि तो किती भीषण होऊ शकतो हे तीन घटनांनी दाखवून दिले.

पहिली घटना मोरबीची. मच्छू नदीवरील झुलता पूल १८७९ मध्ये, म्हणजे कमाटीबागेच्याच वर्षी, खुला झाला होता. तोही एका संस्थानाच्या हौसेचा आणि अभिमानाचा नमुना. दीडशे वर्षांच्या आसपास तो टिकला, कारण कोणी ना कोणी त्याची देखभाल करत आले. २०२२ मध्ये ठेक्याने दुरुस्ती होऊन तो २६ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, तुटला. १३५ माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. चौकशीत आढळले की मुख्य दोरखंडाच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. पायाखालची जमीन नवी करण्यात आली होती. ज्या तारांवर सारा भार होता, त्या जुन्याच राहिल्या.

दुसरी घटना आमच्याच शहरातली. १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीस आलेल्या मुलांची नाव हरणीच्या तलावात उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेहून अधिक जण बसवले होते आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तलावाचा विकास आणि नौकाविहार ठेक्याने दिलेला होता. तिसरी घटना राजकोटची. त्याच वर्षी २५ मे रोजी, उन्हाळ्याच्या सुट्टीतील शनिवारी, एका गेम झोनला आग लागली आणि २७ जण होरपळून गेले. पत्र्याचे शेड, आत साठवलेले इंधन, चालू असलेले वेल्डिंगचे काम, आणि अग्निशमन खात्याच्या परवानगीचा अभाव. त्या दिवशी तिकिटाचा दर उतरवून ९९ रुपये केला होता, म्हणून गर्दी अधिक होती.

या तीन घटना निरनिराळ्या असल्या तरी त्यांचा सांगाडा एक आहे. तिन्ही ठिकाणी तिकीट फाडणारा हजर होता; राखणदार नव्हता. आणि येथे कमाटीबागेचा इतिहास उपयोगी पडतो. त्या इतिहासात करमणुकीचे तीन मालक दिसतात. प्रथम राजा, जो आपल्या हौसेसाठी खर्च करी. मग राज्याचा व त्यानंतर नगराचा कारभार, जो कर्तव्य म्हणून खर्च करी. आणि अखेरीस ठेका, जो उत्पन्न व्हावे म्हणून खर्च करतो. राजाला लाज होती: पाहुण्यापुढे गाडी रुळांवरून घसरली तर नाक कापले जाई. कारभाराला वही होती: माळी, सुतार, लोहार यांच्या नावे दरमहा रक्कम पडे आणि ती का पडली हे कोणी तरी विचारी. ठेक्याला करार असतो. करार वाईट नव्हे; पण त्यात देखभालीची कलमे कोणी लिहिली, ती पाळली जातात की नाही हे कोण पाहतो, आणि पाहणारा शेवटचा केव्हा आला होता, यावर सारे अवलंबून राहते. नगराने खेळ चालवण्याचे काम दुसऱ्याला द्यावे, परंतु राखणीची जबाबदारी अशी देऊन टाकता येत नाही.

जीर्णता ही वयाची गोष्ट नाही, हे आम्हांस या निमित्ताने स्पष्टपणे मांडावयाचे आहे. डभईचा अरुंद मार्ग शतकाहून अधिक काळ चालला, कारण फाटे तपासणारा, खिळे ठोकणारा, चाकांना तेल देणारा माणूस रोज त्यावरून पायी चालत असे. प्रतापनगर–डभई–केवडिया हा मार्ग रुंद होऊन जानेवारी २०२१ मध्ये नव्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा जुन्या रुळांचे आयुष्य संपले. ते अपघाताने संपले नाही, ठरवून संपले. जुन्या गोष्टीला असा सन्मानाचा निरोप देता येतो. राजवाड्यातील इंजिन संग्रहालयाच्या दाराशी ठेवले गेले, तोही असाच निरोप. तिसरा मार्ग मात्र असतो, आणि तो घातक आहे: वस्तू बंदही करायची नाही, सांभाळायचीही नाही, केवळ वरून रंग द्यायचा आणि तिकीट चालू ठेवायचे.

आमच्या वाचकांचा यात काय भाग, असे कोणी विचारील. आमची घराणी आज या शहरांत संख्येने थोडी आहेत. सत्ता आमच्या हाती नाही, आणि ती असावी असा हेतूही नाही. पण दोन गोष्टी आमच्याजवळ आहेत. एक म्हणजे कागद. ज्यांचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या बागखात्यात, बांधकामखात्यात, रेल्वेत वा संग्रहालयात नोकरीस होते, त्यांच्या ट्रंकांत जुन्या रोजनिश्या, छायाचित्रे आणि नकाशे अजून पडून असतील. डागडुजीचा खर्च कसा मंजूर होई, तपासणी किती दिवसांनी होई, हे त्यांतून उमगण्यासारखे आहे. अशा कागदांना वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांच्या शहरांतही जुन्या बागा, जुने पाळणे, जुने नौकाविहार आहेत. त्यांच्याविषयीही असेच घडावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सवड. आमच्यापैकी बहुतेक आता नातवंडांचा हात धरून बागेत जाणारे आहेत. आईवडील कामावर असतात, सुट्टीच्या दिवशी मुलाला गाडीत, पाळण्यात वा नावेत बसवणारे आपणच असतो. बसवण्यापूर्वी तेथील माणसाला विचारावे: ही शेवटची तपासली केव्हा, आणि कोणी? तपासणीचा कागद लावलेला आहे काय? बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोणता? समाधान न झाले तर नातवंडाची समजूत घालून परत फिरावे, आणि महानगरपालिकेला लेखी कळवावे. प्रश्न विचारणारा म्हातारा चिडखोर ठरतो हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु मोरबीच्या पुलावर, हरणीच्या काठावर, राजकोटच्या दारात असा एखादा चिडखोर म्हातारा त्या दिवशी अडून बसला असता, तर त्याच्या शेजारचे एखादे मूल तरी आज शाळेत गेले असते.